‘करत नाही’ आणि ‘जमत नाही’



आज केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने नदी ओलांडून मी तेरेखोलला आले. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि पाठीशी महाराष्ट्रातील रेडी गाव. गोव्यात असूनही गोव्याच्या उर्वरित भूमीपासून नदीने वेगळे ठेवलेले असे हे आपले गाव आहे. येथून पेडण्याला जायचे म्हटले की नदीचा विचार आधी करावा लागतो. मात्र मध्ये नदी आहे म्हणून आजवर कोणी तेरेखोलच्या माणसाला बोल लावलेला नाही. नदी आहे, तर बोटीची सोय करावी, इतका साधा विचार सरकारने आणि समाजाने केला. आज ज्या मुलांविषयी मी बोलणार आहे, त्यांच्या वाट्याला नेमका हा साधा विचार येत नाही.

ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी या परिसरात अनेक पिढ्या घडविल्या. शिक्षकाच्या स्मृतिदिनी आपण सहसा त्याचे नावारूपाला आलेले विद्यार्थी आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक वर्गात शेवटच्या बाकावर आणखी एक मूल असते. त्याचे नाव गुणवत्ता यादीत येत नाही, बक्षीस समारंभात घेतले जात नाही. दिवसातून दहा वेळा ते वर्गात उच्चारले जाते, पण रागाने. आजचे माझे बोलणे त्या मुलाच्या मनाविषयी आहे.

ही मुले कोणती?

काही मुलांच्या मेंदूची जडणघडण जन्मतःच इतरांहून वेगळी असते. कोणाला अक्षरे जुळवून वाचणे अतोनात कष्टाचे जाते. त्याला आपण वाचन-अक्षमता किंवा डिस्लेक्सिया म्हणतो. कोणाचे अवधान एका जागी टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत; ही अवधानाची उणीव आणि अतिचंचलता. कोणाला चेहऱ्यावरचे भाव, आवाजातील छटा, आडून बोललेले शब्द चटकन उमगत नाहीत, ठरलेला क्रम मोडला की जीव कासावीस होतो, साधा आवाज किंवा स्पर्श असह्य वाटतो. अशा मुलांना मराठीत ‘स्वमग्न’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द मला थोडा अन्यायकारक वाटतो. स्वतःतच रमलेले, इतरांची गरज नसलेले, असे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात यांतील कितीतरी मुलांना सोबत हवी असते. सोबत मागण्याची आपल्या ओळखीची रीत तेवढी त्यांच्यापाशी नसते.

या सर्व प्रकारांकडे केवळ रोग म्हणून न पाहता मानवी मेंदूतील वैविध्य म्हणून पाहावे, असा विचार गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुढे आला. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द रूढ होण्यात ऑस्ट्रेलियातील ज्युडी सिंगर यांच्या १९९८ च्या प्रबंधाचा मोठा वाटा आहे. वैविध्य म्हटले म्हणून अडचण नाहीशी होते, असे कोणी समजू नये. अडचण खरीच असते. पण ती दोष किंवा अपराध नव्हे.

अशी मुले शहरांतच असतात, ही समजूतही खोटी आहे. भारतातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षे वयाच्या सुमारे चार हजार मुलांची तपासणी करून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या पाच ठिकाणांपैकी एक आपला उत्तर गोवा होता. मेंदूच्या व ज्ञानेंद्रियांच्या विकासाशी निगडित असा एक ना एक अडथळा सुमारे आठांपैकी एका मुलात आढळला. या आकड्यात श्रवणदोष, दृष्टिदोष, अपस्मार हेही धरलेले आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही पंचवीस मुलांच्या वर्गात अशी तीनएक मुले असावीत, एवढे मानून शिक्षकाने वर्गात पाऊल टाकावे.

माझ्या हातून घडलेली चूक

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग शिकवीत असे. वर्गातील एक मुलगा बोलण्यात तरबेज होता. समुद्राच्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक तोंडी सांगे, दशावताराचा खेळ एकदा पाहून आला की संवादांसह करून दाखवी. मात्र वाचायला उभे केले की तो गप्प. ‘सूर्य’ हा शब्द तो आज ‘सुरय’ वाचायचा, तर उद्या ‘सूय’. इतके हुशार मूल वाचत नाही, याचा अर्थ आळस, असा माझा निष्कर्ष. सबंध वर्षभर मी त्याला रोज उभे केले. सर्वांसमोर वाचायला लावले की लाजेने तरी अभ्यास करील, ही माझी त्या वेळची समजूत होती.

आपली देवनागरी किती शास्त्रशुद्ध आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण अशा मुलाच्या डोळ्यांनी ती पाहावी. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ ऐकू येतो, नंतर ‘इ’. लिहिताना मात्र वेलांटी आधी. ‘सूर्य’ मधला ‘र’ ऐकू येतो ‘य’च्या आधी, पण रफार बसतो ‘य’च्या डोक्यावर. ‘प्र’ मध्ये तोच ‘र’ पायाशी जातो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातील फरक शिरोरेषेच्या एका फटीएवढा. बहुसंख्य मुलांच्या मेंदूला या खाणाखुणा वर्षा-दोन वर्षांत सवयीच्या होतात. काहींना त्या दर वेळी नव्याने सोडवाव्या लागतात. ज्याला प्रत्येक शब्द हे कोडे आहे, त्याला चाळीस जणांसमोर उभे करून आपण काय साधतो?

त्या मुलाने वाचन शिकले नाही. त्याने दुसरेच काही शिकून घेतले. तास सुरू झाला की पोटात दुखते असे सांगणे, वाचनाची पाळी जवळ आली की शेजाऱ्याला चिमटा काढून शिक्षा ओढवून घेणे. वाचता येत नाही म्हणून हसू होण्यापेक्षा दंगा केला म्हणून बाहेर जाणे त्याला कमी अपमानाचे वाटत होते. आठ वर्षांच्या मुलाने केलेला हा हिशेब मला समजला तेव्हा तो माझ्या वर्गातून निघून गेला होता.

१८९६ साली इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या अशाच एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. खेळात चपळ, बुद्धीने तल्लख, परंतु वाचता न येणारा. सर्व शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकानेच डॉक्टरांना सांगितले होते. त्या शिक्षकाला जे दिसले, ते मला शंभरएक वर्षांनंतरही दिसले नव्हते.

दुसरी जखम

मूळ अडचण मेंदूच्या जडणघडणीतून येते; तिच्यावर कोणाचा इलाज मर्यादितच चालतो. पण मुलाचे मन मोडते ते बहुधा त्या अडचणीने नव्हे. ते मोडते अडचणीला आपण दिलेल्या नावाने: आळशी, हट्टी, वेंधळा, उद्धट. हीच दुसरी जखम, आणि ती आपण करतो. ‘करत नाही’ आणि ‘जमत नाही’ या दोन शब्दप्रयोगांत त्या मुलाचे सारे भावविश्व सामावलेले आहे. ‘करत नाही’ म्हटले की पुढचा शब्द शिक्षा असतो. ‘जमत नाही’ म्हटले की पुढचा प्रश्न येतो, ‘कशामुळे जमत नाही?’

ही जखम मुलापुरती थांबत नाही. स्वमग्न मुलांच्या आया थंड स्वभावाच्या असतात, त्यांच्या मायेच्या अभावाने मूल असे होते, हे मत एके काळी मोठमोठ्या विद्वानांनी मांडले. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्ये ते पुराव्यानिशी खोडून काढले. तरीही १९६७ मध्ये ब्रुनो बेटलहाइम यांचे ग्रंथलेखन त्याच मताचा पुरस्कार करीत होते. शास्त्राने तो विचार टाकून दिला त्याला कित्येक वर्षे लोटली. आपल्या ओटीवर मात्र ‘आईने लाडावून ठेवलाय’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते.

दिवसभर शाळेत स्वतःला आवरून धरलेले मूल घरी येताच दप्तर फेकते, किंचाळते, रडते. शिक्षक म्हणतात, “आमच्याकडे तर शहाण्यासारखा असतो.” आईला वाटते, आपलेच चुकते आहे. वास्तविक ते मूल दिवसभराचे ओझे जेथे सुरक्षित वाटते तेथे उतरवीत असते. हट्ट आणि हा उद्रेक यांत फरक आहे. हट्टाच्या मुळाशी एखादी वस्तू मिळविण्याचा हेतू असतो. ती मिळाली किंवा पाहणारे निघून गेले की बहुधा हट्ट शमतो. उद्रेक मात्र सहनशक्ती संपल्याचे लक्षण असते. मागितलेले हाती दिले तरी तो थांबत नाही, आणि त्या वेळी केलेला उपदेश मुलापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा हवी असते शांत जागा, कमी शब्द आणि जवळ कोणीतरी स्थिर माणूस. बोलणे नंतर, मन निवल्यावर.

घरात काय करता येईल?

या प्रश्नाचे एक चांगले उत्तर आपल्याच गोव्यात शोधले गेले आहे. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने ब्रिटन व पाकिस्तानातील संशोधकांबरोबर स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी एक प्रयोग केला. गोवा आणि रावळपिंडी येथील २ ते ९ वर्षे वयाची ६५ मुले त्यात होती. निम्म्या कुटुंबांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याच्या जोडीला सहा महिन्यांत दर पंधरवड्याला एक अशा बारा भेटी. भेटी देणारे डॉक्टर नव्हते, तर शिकवून तयार केलेले आणि देखरेखीखाली काम करणारे साधे कार्यकर्ते होते. पद्धत अशी: आई किंवा वडील मुलाशी खेळतात, त्याचे चित्रीकरण होते, मग दोघे बसून ते पाहतात. मूल कोठे पाहत होते, त्याने काही सुचविले तेव्हा आपण ते टिपले की आपलेच पुढे दामटले, हे पालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. प्रयोग लहान होता, आणि प्रत्येक मोजमाप अनुकूल आले असेही नाही. परंतु दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पालक मुलाच्या कलाने बोलू लागले. आणि मुले आपण होऊन पालकांशी संवाद सुरू करू लागली. बदलायला सुरुवात मोठ्यांनी केली आणि पहिले पाऊल मुलाने टाकले, हा त्याचा अर्थ. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये हेच वेगळ्या रीतीने मांडले होते: न समजणे हे दोन्ही बाजूंनी असते, त्यांना आपण जितके अनाकलनीय, तितकेच ते आपल्याला.

येथे चित्रीकरणाची यंत्रणा लगेच उभी राहणार नाही. पण रोज दहा मिनिटे मुलाशेजारी बसून, त्याला काहीही न शिकवता, प्रश्न न विचारता, ते जे करते त्यात सामील होणे, हे कोणत्याही घरात शक्य आहे. ते शिंपले ओळीने मांडत असेल, तर आपणही एक शिंपला पुढे करावा आणि वाट पाहावी.

दुसरी गोष्ट, पूर्वसूचना. चवथीचे उदाहरण घेऊ. घरात पाहुणे, फटाके, रात्री घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या गजरात आरत्या. आपल्याला ज्या नादाने उत्साह येतो, तो काही मुलांच्या कानात सुयांसारखा टोचतो. मूल कान झाकून पळते आणि आपण देवासमोर त्याला ओढून आणतो. त्यापेक्षा चार दिवस आधी त्याला क्रम सांगावा: कोण येणार, केव्हा वाजणार, किती वेळ. आरतीच्या वेळी मागल्या पडवीत बसण्याची त्याला मोकळीक असावी. आणि आदल्या दिवशी, घर शांत असताना, माटोळी बांधायला त्याला बाबांबरोबर घ्यावे. नारळ, सुपारीचे घोस, तवशी, आंबाडे एकेक करून ओळीने बांधण्याचे काम अशा मुलाच्या हातून फार सुबक होते. सणात त्याचा वाटा राहतो, केवळ तो वेगळ्या वेळी असतो.

तिसरी गोष्ट भावंडांची. अडचण असलेल्या मुलाभोवती घर फिरू लागले की दुसरे मूल समजूतदारपणाच्या ओझ्याखाली दबते. आठवड्यातून थोडा वेळ तरी आई किंवा वडील केवळ त्याचेच असावेत. आणि आजी-आजोबांना विश्वासात घ्यावे. “आमच्या वेळी असले काही नव्हते,” असे आजी म्हणते तेव्हा वाद न घालता विचारावे, “आजी, तुझ्या वर्गात दुसरीतूनच शाळा सोडलेले कोणी होते का?” बहुधा एखादे नाव निघतेच.

शाळेत काय करता येईल?

कायदा आता मुलाच्या बाजूने आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार मोजले होते. त्यांत स्वमग्नता नव्हती, अध्ययन-अक्षमताही नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही संख्या एकवीसवर नेली आणि या दोहोंना स्थान दिले. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयींचा त्यात उल्लेख आहे. महाराष्ट्राने तर अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेतील सवलती १९९६ पासूनच दिल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. वर्गासमोर केलेली टिंगल हाही छळच आहे, हे आपण शिक्षकांनी स्वतःला बजावले पाहिजे.

कायद्याखेरीज, एक पैसाही न लागणाऱ्या काही गोष्टी आहेत. ज्याला वाचन जड जाते त्याला अचानक उभे करू नये. परिच्छेद आदल्या दिवशी सांगावा. एका दमात तीन सूचना न देता एकेक द्यावी आणि ती फळ्यावरही लिहावी. दहा गणिते करवून घेण्याऐवजी पाच द्यावीत, पण ती पूर्ण करवून घ्यावीत. चंचल मुलाला फळा पुसणे, हजेरीपट पोहोचविणे अशी उठबसीची कामे मान म्हणून द्यावीत. मन भरून आले तर पाच मिनिटे बसता येईल असा एक कोपरा असावा, आणि तेथे जाणे ही शिक्षा नसावी. मधल्या सुट्टीवर विशेष लक्ष ठेवावे. तासात जे होत नाही ते चिडवणे तेथे होते. आणि उत्तर तोंडी विचारून पाहावे. १८९६ च्या त्या शिक्षकाचे निरीक्षण आजही उपयोगी आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. आपली मुले घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी किंवा इंग्रजी वाचतात. नव्या भाषेत अडखळणारे प्रत्येक मूल अक्षम नसते. म्हणून शिक्षकाने स्वतः निदान करू नये. निरीक्षण लिहून ठेवावे आणि कान-डोळे तपासून घेण्यापासून सुरुवात करावी. पुढे बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, पर्वरीत ‘सेतू’सारखी बालविकासासाठी काम करणारी संस्था आहे. पण तेरेखोलहून तेथे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. तज्ज्ञाची भेट वर्षातून दोनदा होईल. शिक्षक आणि आई रोजच्या आहेत. म्हणून दोघांमध्ये एक छोटी वही फिरावी. तिच्यात तक्रारींच्या आधी त्या दिवशी जमलेली एक गोष्ट लिहावी. ज्या आईला शाळेतून फक्त तक्रारीच येतात, ती शाळेची पायरी चढणे टाळू लागते.

दोन शंका

पहिली शंका: अशाने मूल बिघडणार नाही का? बाहेरचे जग थोडेच समजून घेणार आहे? शिस्त या मुलांना हवीच. किंबहुना ठाम, न बदलणारे नियम त्यांना अधिक मानवतात. आपण सूट देतो ती पद्धतीत, अपेक्षेत नव्हे. आणि जग कठोर आहे हे खरे मानले, तर निदान घर आणि शाळा या दोन जागा तरी मुलाला बळ देणाऱ्या असाव्यात.

दुसरी शंका कोणी बोलून दाखवीत नाही, पण ती मनात असते. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी नेला, त्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. त्यातील मुलगा शेवटी चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो. तेव्हापासून पालक विचारतात, “माझ्या मुलात कोणती कला दडलेली असेल?” कदाचित असेल, कदाचित नसेलही. पुष्कळ मुले सामान्य असतात, जशी आपण बहुतेक माणसे आहोत. वाचनातील उणीव चित्रकलेने भरून काढली तरच मूल आदराला पात्र, असा सौदा आपण करू नये.

माझ्या वर्गातील तो मुलगा पुढे मला एकदा भेटला. स्वतःची होडी घेऊन मासेमारी करतो. मी त्याची क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, “बाई, ते सोडा.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “पण पोराचा वाचनाचा तास असला की अजून माझ्याच पोटात दुखते.” या एका वाक्यासाठी मी आज येथवर आले.

माजी विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर आपल्या वर्गातील शेवटचा बाक आठवा. तेथे बसणाऱ्याला आपण कोणत्या नावाने हाक मारीत होतो, तेही आठवा. त्याची मुले, आपली मुले आज याच वर्गांत बसत आहेत. गुरुजींचे स्मारक करायचे असेल तर एवढे करावे: या शाळेत ‘करत नाही’ म्हणण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा ‘जमत नसेल का?’ असे स्वतःला विचारावे. नदी मुलाने निर्माण केलेली नाही. बोटीची सोय करणे आपल्या हाती आहे.